पट्टीवर काय ठेवायचं: मराठी टंकनाच्या एडिटरचं एक प्रकरण

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडची एक फाइल उघडली, तर आत नुसती प्रश्नचिन्हं. चाळीस पानांचा मजकूर होता. परिच्छेद जागच्या जागी, स्वल्पविराम, पूर्णविराम, शब्दांमधल्या मोकळ्या जागा सगळं शाबूत, पण एकही मराठी अक्षर शिल्लक नाही. ‘स्त्री’ असायला हवं तिथे सहा प्रश्नचिन्हं ओळीने उभी. फाइल देवनागरी न ओळखणाऱ्या जुन्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवण्याच्या जुन्या पद्धतीत, सेव्ह झाली होती, आणि असा मजकूर परत आणता येत नाही. तीन दिवसांचं काम गेलं.

जिच्या हातून हे झालं ती मुलगी आमच्याकडची सगळ्यात काटेकोर ऑपरेटर. तिला विचारलं तेव्हा कळलं की आमच्या एडिटरमध्ये शब्दसंख्या दिसत नाही, म्हणून ती रोज संध्याकाळी मजकूर दुसऱ्या एका एडिटरच्या नव्या खिडकीत चिकटवून शब्द मोजायची आणि वहीत आकडा लिहायची. त्या दिवशी मोजता मोजता तिला तिथे एक चूक दिसली. ती सुधारली आणि मूळ फाइलच्याच नावाने सेव्ह केलं. इशारा आला होता. पण पडद्यावर तर स्वच्छ मराठी दिसत होतं, मग तिने ‘ओके’ केलं. तिच्या जागी मी असतो तरी कदाचित तेच केलं असतं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. स्वामित्वहक्क संपलेली जुनी मराठी पुस्तकं पुन्हा टंकित करून त्यांचा शुद्ध युनिकोड मजकूर तयार करायचा, हे आमचं काम. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे बहुतेक पुस्तकं जुन्या वळणाच्या टायपातली, पानं पिवळी पडलेली, काही ठिकाणी शाई उडालेली. पुण्यातल्या एका वाड्याच्या पहिल्या मजल्यावर सहा ऑपरेटर आणि दोनपैकी एक मुद्रितशोधक बसतात. डावीकडे पानाचं स्कॅन आणि उजवीकडे टायपिंगची जागा असा एक छोटा एडिटर आम्ही बाजारात मिळणाऱ्या तयार घटकावर बांधून घेतला होता. तो घटक मुळात प्रोग्रामरांसाठीचा, त्यामुळे खालची माहितीची पट्टी, म्हणजे स्टेटस बारही, त्यांच्याच सोयीची होती: ओळ क्रमांक, स्तंभ क्रमांक, इंडेंट किती स्पेसचा, एन्कोडिंग, ओळ संपवण्याची पद्धत, फाइलचा प्रकार आणि टोकाला ‘आयएनएस’ (मध्ये घालत लिहिणं) किंवा ‘ओव्हीआर’ (पुढचं पुसत लिहिणं). कुणी बदलली नाही म्हणून ती तशीच राहिली होती.

फाइल गेल्यावर आमच्या समन्वयकांनी दोन गोष्टी सुचवल्या. एन्कोडिंग मोठ्या अक्षरांत दाखवा, आणि प्रत्येकाच्या पट्टीवर दिवसभराची शब्दसंख्या कायम दिसू द्या. त्यांचं म्हणणं वरवर रास्त होतं. जी माहिती नव्हती म्हणून अपघात झाला ती समोर ठेवायची, एवढंच. निर्णय मात्र माझ्याकडे आला, आणि मी त्यांच्याकडे पंधरा दिवस मागून घेतले.

पहिल्याच दिवशी मी खाकी चिकटपट्टी आणली. सकाळी सगळ्यांच्या मॉनिटरवर खालची पट्टी झाकून टाकली. म्हटलं, दिवसभर असंच काम करा, काही अडलं तर चिकटपट्टी उचलून बघा, पण उचलली की शेजारच्या कागदावर कशासाठी उचलली ते लिहा. संध्याकाळी कागद गोळा केले. दोन कागद कोरे. बाकीच्यांवर मिळून तीनच कारणं होती: ‘ओळ कितवी’, ‘सेव्ह झालं का’ आणि एका ठिकाणी ‘अक्षर खातंय’. एन्कोडिंग बघायला कुणीच चिकटपट्टी उचलली नव्हती. इंडेंट, स्तंभ, फाइलचा प्रकार यांचं तर नावही नाही. काकू, म्हणजे आमच्या ज्येष्ठ मुद्रितशोधक, म्हणाल्या, “अहो, तिथे काही लिहिलेलं असतं हेच मला आज चिकटपट्टीमुळे कळलं.”

काकूंचं हे वाक्य माझ्या मनात राहिलं. टायपिंग करणाऱ्याची नजर कर्सरवर असते, आणि आमच्याकडे कर्सर आणि स्कॅन यांच्यामध्ये तिची सतत ये-जा चालू असते. पडद्याच्या तळाशी जायला तिला सवडच नाही. संगणकाच्या इंटरफेसचे अभ्यासक जेफ रास्किन यांनी नेमकं हेच मांडलं होतं की, लक्ष जिथे एकवटलेलं आहे तिथून दूर ठेवलेली खूण असूनही नसल्यासारखीच. त्याच क्षेत्रातल्या लॅरी टेस्लर यांचा तर मोड, म्हणजे अवस्थेप्रमाणे त्याच कळीचा अर्थ बदलणं, या कल्पनेलाच विरोध होता. आपल्या गाडीच्या नंबरप्लेटवरही त्यांनी ‘नो मोड्स’ लिहून घेतलं होतं.

जुन्या एडिटरांकडे पाहिलं तर प्रत्येकाने या प्रश्नाचं उत्तर आपापल्या अडचणीतून काढलेलं दिसतं. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये बर्कलीला व्हीआय लिहिला तो ३०० बॉडच्या मोडेमवर काम करत. त्या वेगाने सेकंदाला साधारण ३० अक्षरं पडद्यावर येतात. ८० अक्षरांची एक पट्टी नुसती पुन्हा रंगवायची तरी अडीच सेकंदांहून जास्त वेळ गेला असता. आपण लिहिण्याच्या मोडमध्ये आहोत की आज्ञेच्या, हे तो एडिटर आपण होऊन सांगत नसे. पुढे त्याच धर्तीवरच्या व्हिम या एडिटरने ते मुळातूनच दाखवायला सुरुवात केली. ईमॅक्स या दुसऱ्या जुन्या एडिटरने उलटी वाट धरली. त्याच्या पट्टीवर फाइल बदलली असेल तर दोन तारे, फक्त वाचायची असेल तर दोन टक्केचिन्हं, आणि एन्कोडिंगसाठी एकच अक्षर. त्यात मला आवडलेली गोष्ट अशी की, ओळ नेहमीच्या पद्धतीने संपत असेल तर तिथे फक्त विसर्गासारखे दोन ठिपके असतात, आणि फाइल डॉस पद्धतीची असली तरच कंसात तसं लिहून येतं. नेहमीचं असेल ते हळू आवाजात, वेगळं असेल ते ठळकपणे.

या सगळ्यातून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली. पानाच्या चेहऱ्यावर जे दिसत नाही, जे माणसाच्या नकळत बदलू शकतं आणि बदललं तर काम वाया जातं, त्यालाच पट्टीवर कायमची जागा. बाकीच्या गोष्टी मागितल्यावर दाखवायच्या, किंवा मुळात ती अवस्थाच काढून टाकायची.

‘अक्षर खातंय’ हे प्रकरण तिसऱ्या वाटेने सुटलं. इन्सर्ट कळ चुकून दाबली गेली की पुढचा मजकूर पुसत टायपिंग होतं. रोमन लिपीत निदान अख्खं अक्षर जातं, ते लगेच ध्यानात येतं. देवनागरीत काना, वेलांटी, हलन्त हे सगळे आत स्वतंत्र नोंदलेले असतात, त्यामुळे एक कळ दाबली की पुढच्या शब्दाची वेलांटीच जाते किंवा जोडाक्षराचा सांधा तुटतो. ‘ओव्हीआर’ असं पट्टीवर लिहिलेलं असायचंच. कुणी बघत नव्हतं. पुसत लिहिण्याची गरज कुणाला कधी पडली, असं विचारलं तर एकही हात वर झाला नाही. आम्ही ती कळच बंद केली आणि पट्टीवरची ती जागा मोकळी झाली.

कीबोर्ड मराठी आहे की इंग्रजी, हे पट्टीवर दाखवा अशी मागणी चार जणांनी केली. ती मला पटली, पण जागा पटली नाही. व्हिममध्ये भाषेचं मॅपिंग चालू असताना कर्सरचा रंग बदलण्याची सोय आहे. आम्ही तीच कल्पना घेतली: इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी कीबोर्ड, चालू असेल तर कर्सर जाड आणि केशरी, इंग्रजी असेल तर बारीक आणि काळा. रंगाबरोबर जाडीही बदलली, कारण आमच्यातल्या एकाला रंगांमधला फरक नीट कळत नाही. जिथे नजर आहे तिथेच उत्तर मिळालं, आणि दोन दिवसांत ती मागणी कुणाच्या तोंडी राहिली नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो स्तंभ क्रमांकावर. काढून टाकायचा हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं, पण का काढायचा हे समजून घेताना आणखी एक गोष्ट हाती लागली. ‘स्त्री’ हा शब्द घ्या. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तो १८ बाइटांचा. युनिकोडच्या हिशेबात त्यात सहा संकेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. त्या फाइलमधली सहा प्रश्नचिन्हं ती हीच. अक्षरसमूह पाडायच्या जुन्या नियमाने त्याचे तीन तुकडे पडतात, आणि २०२३ मधल्या युनिकोड १५.१ ने देवनागरी जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम आणल्यापासून एक. म्हणजे शब्द एक आणि ‘कितव्या स्तंभात आहोत’ याची उत्तरं चार. शाळेतल्या मुलाला विचारलं तर तो ‘एक अक्षर’ म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. जो आकडा वाचून काकूंना त्या शब्दाशी जाता येत नाही तो त्यांच्यासमोर ठेवण्यात अर्थ नाही. स्तंभ गेला.

मात्र त्याच्या जागी काय यावं, हे एका शोधाने सुचवलं. एका प्रवासवर्णनात ‘दऱ्या’ हा शब्द किती वेळा आलाय ते काकू शोधत होत्या. यंत्र म्हणालं सात. काकूंना स्कॅनमध्ये त्याहून जास्त दिसत होते. मी जवळ जाऊन बसलो. दोन्ही ‘दऱ्या’ पडद्यावर ठेवले, मोठे केले, डोळे बारीक करून पाहिले; तसूभर फरक नाही. मग एकेक संकेत उलगडला. काहींनी ऱ हे नुक्तावालं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडला होता, तर काहींनी साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडखूण घातली होती. चेहरा एकच, आतला मजकूर वेगळा. ‘ॲ’चंही तसंच. ‘अ’ वर अर्धचंद्र देऊन तो करता येतो, आणि २००८ पासून युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र संकेतही आहे. दोन्ही पद्धती पडद्यावर सारख्याच दिसतात, पण ‘ॲसिड’ शोधायला गेलात तर निम्मेच सापडतात. युनिकोडची नेहमीची सामान्यीकरणाची, म्हणजे समतुल्य मजकूर एकरूप करण्याची, प्रक्रियाही या दोन ‘ॲ’ना एक मानत नाही.

पानावर न दिसणारी अवस्था म्हणजे काय, ते मला त्या दुपारी खऱ्या अर्थाने कळलं. व्हिममध्ये ‘जीए’ दाबलं की कर्सरखालच्या अक्षराचा संकेत कळतो, आणि हवं तर तो पट्टीवर कायमही ठेवता येतो. मी आधी तसाच ठेवला. एका दिवसात काढला, कारण सोळाच्या पायाचे आकडे प्रत्येक कळीबरोबर फडफडत होते आणि कुणालाही त्यांचा अर्थ लागत नव्हता. नंतर आम्ही असं केलं: ठरलेल्या पद्धतीहून वेगळा ‘ॲ’ किंवा वेगळा ‘ऱ्य’ पानात असेल तरच पट्टीवर साध्या मराठीत ‘३ अक्षरं वेगळ्या पद्धतीची’ असं उमटतं. त्यावर क्लिक केलं की कर्सर त्या अक्षराशी जातो आणि एका कळीने ते बदलतं. पान शुद्ध असेल तर तिथे काहीच नसतं.

ओळ क्रमांकाबाबत मी चुकलो. पानाच्या चेहऱ्यावर ओळी दिसतातच, असं म्हणून मी तो काढून टाकला होता. दुसऱ्याच दिवशी काकू आणि दुसरे मुद्रितशोधक यांच्यातला फोनवरचा संवाद अडला. दुसरे घरून काम करतात, आणि “ओळ २१४ बघा” हीच त्यांची बोलायची रीत होती. ती चिकटपट्टीच्या कागदांवरही दिसली होती, मीच तिला महत्त्व दिलं नव्हतं. आकडा परत आणला. पण मग लक्षात आलं की गद्यात आमचा प्रत्येक परिच्छेद ही एकच लांब ओळ असते आणि ती खिडकीच्या रुंदीप्रमाणे मोडून दिसते. दोघांच्या खिडक्या वेगळ्या रुंदीच्या, म्हणजे डोळ्याने मोजलेल्या ओळीही वेगळ्या. विंडोजच्या नोटपॅडमध्ये वर्ड रॅप लावला की पट्टी बंदच व्हायची, त्यामागे हाच गुंता असावा असं मला वाटतं. २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटमध्ये रॅप लावल्यावरही ओळ आणि स्तंभ दिसायला लागले. आम्ही लेबल बदललं. ‘ओळ’ च्या जागी ‘मूळ पान १३७, परिच्छेद ४’. मूळ पान म्हणजे छापील पुस्तकातलं. स्कॅन एका पानावर आणि मजकूर दुसऱ्याच पानाचा, असं झालं तर हीच नोंद ठळक होऊन ‘स्कॅन पुढे गेलंय’ असे शब्द येतात. विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयावर पानाची अवस्था रंगाने दाखवतात, पिवळं म्हणजे एकदा तपासलेलं आणि हिरवं म्हणजे दुसऱ्याने पडताळलेलं. ती पद्धत चांगली आहे आणि आम्ही पानांच्या यादीत वापरतो. पण पट्टीवर शब्द हवेत, असा माझा आग्रह राहिला.

‘सेव्ह झालं का’ या प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न होते. आपल्या यंत्रावर ते दर काही सेकंदांनी आपोआप होतच होतं. काळजी वाटायची ती सामायिक फोल्डरची, कारण वाड्यातली वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचं. एक मुलगा दर वाक्यानंतर कंट्रोल-एस दोनदा दाबायचा, त्या कळीचा आवाज अख्ख्या खोलीला पाठ झाला होता. आधी मी हिरवी बरोबरची खूण ठेवली. त्याने विचारलं, “सर, ही खूण आत्ताची आहे की मघाचीच राहिलीये?” मला उत्तर देता आलं नाही. खूण काढली आणि वेळ लिहिली: ‘फोल्डरमध्ये ११:४२’. घड्याळ शेजारी असतंच, तो स्वतः पडताळून बघू शकतो. आठवडाभरात कंट्रोल-एस कमी ऐकू यायला लागलं.

एन्कोडिंग मोठ्या अक्षरांत दाखवायची सूचना मी नाकारली. आमचा एडिटर यूटीएफ-८ शिवाय दुसरं काही लिहूच शकत नाही, असं करून घेतलं. त्यानंतर पट्टीवर ‘यूटीएफ-८’ लिहिणं म्हणजे रोज तेच वाक्य म्हणणं, आणि तेच तेच ऐकणारा माणूस पुढे ते ऐकेनासा होतो. नोटपॅडमध्ये २०१९ च्या मे अपडेटमध्ये पट्टीवर एन्कोडिंग दिसायला लागलं आणि त्याच अपडेटमध्ये नवी फाइल मुळातूनच यूटीएफ-८ मध्ये सेव्ह व्हायला लागली. माझ्या मते मराठी लिहिणाऱ्यांचा मजकूर वाचवला तो दुसऱ्या बदलाने. बाहेरून वेगळ्या एन्कोडिंगची फाइल आली, तर आमच्याकडे ती उघडण्याआधीच मधोमध विचारणा होते, आणि मजकुराच्या पहिल्या चार ओळी दोन्ही प्रकारे वाचून दाखवल्या जातात.

उरली शब्दसंख्या. इथे समन्वयकांशी माझं खरंच वाजलं. त्यांचं म्हणणं, आकडा दिसला की माणूस कामाला लागतो, आणि ग्राहकाला हिशेब त्यांनाच द्यावा लागतो. दुसरी गोष्ट मला मान्य होती. पहिलीचं काय होतं ते मी त्यांच्यासमोरच करून दाखवलं. एका ऑपरेटरच्या पट्टीवर एक दिवस वाढती शब्दसंख्या ठेवली आणि आम्ही दोघं मागे बसलो. पट्टीकडे कधी न जाणारी नजर दर दोन-चार वाक्यांनी खाली जायला लागली. दुपारनंतर अस्पष्ट छापलेल्या शब्दाशी तो थांबेना. एरवी तो असा शब्द स्कॅन मोठं करून बघायचा किंवा काकूंना विचारायचा. त्या दिवशी अंदाजाने टाकून पुढे जात होता. शाई उडालेला ‘घ’ आहे की ‘ध’, यासाठी थांबणं हेच आमचं काम आहे, आणि तो आकडा त्याला थांबू देत नव्हता. समन्वयक संध्याकाळी काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं की हिशेब दुसरीकडून काढता येईल का. येतो. रात्री सगळ्या फाइलींचे शब्द मोजून एक तक्ता आपोआप त्यांच्याकडे जातो. ऑपरेटरला हवं असेल तर मजकूर निवडल्यावर, निवडलेला असेपर्यंतच, तेवढ्याचा आकडा दिसतो. वहीत आकडे लिहायची पद्धत त्याच दिवशी बंद केली. खरं तर मूळ अपघात तिथेच जन्मला होता.

आता पट्टीवर कायम दोनच गोष्टी आहेत: डाव्या टोकाला मूळ पान आणि परिच्छेद, उजव्या टोकाला फोल्डरमध्ये पोचल्याची वेळ. मधली जागा बहुतेक वेळ रिकामी असते. ती भरावी असं वाटणारे लोक येतात, गेल्या महिन्यात तारखेची मागणी आली, त्याआधी अंकांच्या पद्धतीची. प्रत्येक मागणीला चिकटपट्टीचा एक दिवस द्यायचा असं ठरलंय.

सध्या आम्ही एका जुन्या आर्यासंग्रहाचं काम घेतलंय. तिथे परिच्छेद क्रमांक निरुपयोगी आहे, कारण पद्यात ओळ ही खरोखरची ओळ असते आणि तिच्यातल्या मात्राही मोजायच्या असतात. काकूंनी विचारलंय की कर्सर ज्या चरणात आहे त्याच्या मात्रा पट्टीवर दिसल्या तर, १२ च्या जागी ११ भरल्या की टायपिंगची चूक तिथेच पकडता येईल. पानावर ती चूक डोळ्याला सहज दिसत नाही, कानालाच कळते. खाकी चिकटपट्टीचं नवं रीळ आणलंय, सोमवारी लावतो.